गावच्या वाचनालयात चित्रकादंबऱ्या घ्याव्यात का? मुलांबरोबर वाचणाऱ्यांचं मत हवंय

सुरंगी | २ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

मालवण तालुक्यात, किनाऱ्याला लागून असलेल्या एका गावात आमचं सार्वजनिक वाचनालय आहे. ड वर्ग, म्हणजे सगळ्यात छोट्या दर्जाचं. एक खोली, चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, संध्याकाळी चार ते सात उघडं. तिथला बालविभाग गेली तीन वर्षं मी बघते. पगारी नाही, आवडीने.

एप्रिलात मुंबईची भाची आली होती. तिच्या मुलांच्या वाचून झालेल्या सात चित्रकादंबऱ्या ती माझ्याकडे ठेवून गेली. कॉमिकसारख्याच चौकटी, चित्रं आणि बोलण्याचे फुगे, पण सलग मोठी गोष्ट, दीडशे-दोनशे पानांची. मी त्या सुट्टीत चटईवर मांडून ठेवल्या.

आमच्याकडे यंदा सातवीत गेलेला एक मुलगा येतो. घरची होडी आहे. पहाटे वडिलांबरोबर जाळ्यातली मासळी सोडवायला असतो. वाचताना जोडाक्षर आलं की थांबतो, आजूबाजूला कोणी ऐकतंय का बघतो आणि पुस्तक मिटतो. तीन वर्षांत त्याने एकही पुस्तक घरी नेलं नव्हतं. तो त्या सातांतलं एक घेऊन बसला ते पावणेसातला मी दिवे मालवायला उठले तरी बसलेलाच. त्या गोष्टीत एका आजोबांना गावचं घर सोडावं लागतं. शेवटची दोन पानं शब्दच नाहीत. आजोबा दार ओढून घेतात, कुलूप लावतात, किल्लीकडे बघत पायरीवर उभे राहतात. ते पान माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "हयसर कायच लिवलेला नाय, पण माका कळला. आजो आता परत येवचो नाय."

मी लगेच कार्यकारिणीपुढे विषय मांडला. यंदाच्या खरेदीतून पाच हजारांची अशी पुस्तकं घेऊ या, म्हटलं. उत्तर आलं की अनुदानाचे पैसे वाचनासाठी असतात, चित्रं बघण्यासाठी नाहीत. चित्रांची सवय लागलेलं मूल शब्दांकडे वळत नाही, असं एक ज्येष्ठ सभासद म्हणाले. ते मुलांच्या भल्याचंच बोलत होते, म्हणून मला जास्त लागलं. मला पटलं नाही, पण नीट उत्तरही देता आलं नाही. पुढची सभा गणपतीनंतर आहे. तोवर तुम्ही सगळे काय म्हणता ते ऐकायचंय.

---

कातळ | २ जून, रात्री १०.१५

+१. त्या मुलाचं वाक्य तसंच्या तसं कार्यकारिणीला सांगा. वाचतोय.

---

जुना वाचक | ३ जून, सकाळी ७.०५

सुरंगीताई, धागा चांगला काढलात. मी मात्र तुमच्या त्या ज्येष्ठ सभासदांच्या बाजूचा आहे. माझं म्हणणं नीट मांडतो.

मी रत्नागिरीचा. आमचं नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या अगदी जुन्या वाचनालयांपैकी एक. पावसाळ्यात बाहेर धो धो ओतत असायचं आणि आत कोपऱ्यातल्या बाकावर मी फास्टर फेणे वाचत असायचो. त्या पोराचा चेहरा मी माझ्या मनात तयार केला होता. तो आमच्या आळीतल्या एका मुलासारखा दिसायचा. आज साठ ओलांडल्यावरही तो चेहरा माझ्याजवळ आहे. चित्रकादंबरीत तो चेहरा चित्रकार आयता देतो. मुलाने मनात काय रंगवायचं मग?

दुसरं, दमाचं. मुलांचा वाचनाचा दम कमी झालाय हे सगळेच बघतोय. दहा ओळींचा परिच्छेद आला की जांभई येते. आणि तिसरं पैशाचं. चारशे रुपयांची चित्रकादंबरी अर्ध्या तासात संपते. तेवढ्यात गद्याची तीन पुस्तकं येतात आणि ती महिनाभर पुरतात. ड वर्गाच्या वाचनालयाला हा हिशेब टाळता येत नाही.

---

ओटीवरची | ३ जून, दुपारी ३.३०

जुना वाचक, तुमचा तो बाक मला डोळ्यांपुढे दिसला. तरी तुमच्याशी मी सहमत नाही.

एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, बहुतेक दापोली आणि गुहागर तालुक्यांत. या काळात मला दोन तऱ्हेची मुलं भेटली. एक अडखळणारी, सुरंगीच्या त्या मुलासारखी. दुसरी जास्त फसवी. ही मुलं धडा खणखणीत आवाजात, एक उकार न चुकता वाचतात, आणि "काय झालं रे गोष्टीत?" विचारलं की गप्प बसतात. त्यांना अक्षरं येत असतात, गोष्ट पोचलेली नसते. तपासणीला साहेब आले की अशा मुलांना आम्ही पुढे बसवत असू. त्याची खंत मला आजही आहे.

अशा मुलांसाठी मी काय करायचे ते सांगते. घरी माझ्या भावाची इंद्रजाल कॉमिक्स होती, वेताळ आणि बहादूरची. १९६४ ला सुरू झाली आणि १९९० ला बंद पडली ती. त्यातलं एक पान घ्यायचं, फुग्यांवर कागदाचे कपटे चिकटवायचे आणि विचारायचं, हा काय म्हणत असेल? मुलं चेहरा बघायची, हाताची मूठ बघायची, मागे कोण उभं आहे ते बघायची आणि मग वाक्य सांगायची. मग कपटा काढायचा. छापलेलं वाक्य आपल्या वाक्याजवळ आलं की वर्गात काय आरडाओरडा व्हायचा! खणखणीत वाचणाऱ्या मुलांना हे सुरुवातीला जमायचंच नाही. अडखळणारी मात्र पुढे असायची. त्यांना माणूस वाचता येत होता, अडचण फक्त अक्षरांशी होती.

अडखळणाऱ्याला अजून एक सोय असते. फुग्यातलं वाक्य एका दमात मावतं. सहा शब्द वाचले, थांबले, चित्राकडे बघितलं, तर ते थांबणं कोणाला कळत नाही. भरलेल्या पानावर तोच मुलगा थांबला की सगळ्या वर्गाला कळतं.

---

चौकट | ४ जून, रात्री ११.२०

मी चित्रकार, मूळ वेंगुर्ल्याची. जुना वाचक यांचा पहिला मुद्दा माझ्या कामाच्या मुळाशी जातो, म्हणून जरा लांबण लावते.

चेहरा आम्ही देतो हे खरं. पण चित्रकादंबरीत कल्पनाशक्तीला काम असतं ते दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. एक उदाहरण घ्या. पहिल्या चौकटीत रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणारे वीस जण, टाचा वाळूत रुतलेल्या. दुसऱ्या चौकटीत रिकामी पाटी डोक्यावर घेऊन घरी चाललेली बाई. बस, दोनच चित्रं. मधे काय झालं? जाळं वर आलं, त्यात काही नव्हतं किंवा नुसता पालापाचोळा होता, कोणीतरी शिवी हासडली, कोणी गप्प बसलं, बाईने कोणाला काही विचारलं नाही. यातलं मी काहीच काढलेलं नाही. हे सगळं वाचणाऱ्याने त्या दोरीएवढ्या पट्टीत घडवलं. किनाऱ्यावरचं मूल ते एका क्षणात घडवेल, पुण्यातल्या मुलाला थोडा वेळ लागेल, आणि दोघांचं सारखं नसेल. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ साली कॉमिक्स कशी चालतात यावर अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॉमिकच्याच रूपात, आणि त्याचा भर याच पट्टीवर आहे.

म्हणून अर्ध्या तासात संपतं हेही पूर्ण खरं नाही. डोळे अर्ध्या तासात शेवटच्या पानावर पोचतात. मग मूल परत पहिल्या पानावर जातं. माझी पुतणी एकच पुस्तक आठवडाभर उशाशी घेऊन झोपायची. दर वेळी तिला मागच्या बाजूला काहीतरी नवीन सापडायचं: खिडकीतलं मांजर, भिंतीवरचं उलटं लागलेलं कॅलेंडर.

आता मला सगळ्यात जिवाभावाचा वाटणारा मुद्दा. आपली भाषा या प्रकारासाठी जणू तयारच बसली आहे! आवाजाचे शब्द बघा. वल्हं पाण्यात पडतं तो आवाज वेगळा, होडीच्या बुडाला लाट लागते तो वेगळा, नारळ पडतो तो वेगळा, झावळी पडते तो वेगळा. ढुबुक, चुबुक चुबुक, धप्प, सर्र्र. सळसळ, खळखळ, झुळझुळ या तिन्हींतलं पाणी आणि वारा निराळा. गद्यात असे शब्द फार झाले की बालिश वाटतं, चौकटीत ते चित्राचा भाग होतात. आणि बोली! गद्यात मालवणी संवाद लिहिला की संपादक धास्तावतात. फुग्यात ती सहज बसते, कारण फुगा म्हणजे त्या माणसाचं तोंड. निवेदनाच्या चौकोनात प्रमाण मराठी ठेवा आणि फुग्यात आजीला हवं तसं बोलू द्या.

उलट बाजूही सांगते. इंग्रजीतून मराठीत आणलेली बरीच पुस्तकं वाचायला त्रास होतो आणि दोष मुलांचा नसतो. इंग्रजी कॉमिकमध्ये बहुधा सगळी कॅपिटल, एका उंचीची अक्षरं. फुगे त्या मापाने काढलेले. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात, दोन ओळींत जास्त जागा लागते. फुगा तेवढाच राहतो, मग अक्षर बारीक करतात. अडखळणाऱ्या मुलाच्या हातात असं पुस्तक देऊ नका. विकत घेण्याआधी मधलं एखादं पान उघडा आणि फुगा हातभर अंतरावरून वाचता येतो का बघा.

---

जुना वाचक | ५ जून, सकाळी ६.५०

चौकटताई, रापणीच्या दोन चित्रांवर रात्री बराच वेळ विचार केला. माझ्या मनात ती बाई वळून बघत नव्हती. तुम्ही म्हणता ते कळलं. दमाचा प्रश्न मात्र मी सोडलेला नाही.

---

आडवाट | ५ जून, संध्याकाळी ६.१०

इथे पिंगुळीचं नाव अजून कसं आलं नाही? आमच्या कुडाळजवळचं गाव. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी म्हणजे आपल्या कोकणातलं चित्रांतून गोष्ट सांगण्याचं घराणंच आहे.

ज्यांनी बघितलेली नाही त्यांच्यासाठी लिहितो. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रं हाताने रंगवलेली असतात. एका आख्यानाच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. पानावर चित्र, गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडी, आणि तरी नाव पोथी! दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. सांगणारा एक चित्र उभं धरतो, गातो, बोलतो, मग पान उलटतो. साथीला वीणा, टाळ आणि हुडूक. सावंतवाडी संस्थानाचा या कलेला आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या कामासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या गुरांच्या गोठ्यात त्यांनी या कलेचं संग्रहालय उभं केलं. मालवणहून लांब नाही, मुलांना घेऊन जाच.

मी मुलाला घेऊन गेलो होतो, तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्यातल्या माणसांचे चेहरे बहुतेक बाजूने काढलेले, डोळे मोठे. तो एका चित्रापुढे थांबला आणि म्हणाला, बाबा, हा बाण सुटलाय की सुटायचाय? हाच प्रश्न चौकटताई त्या पांढऱ्या पट्टीत शोधतायत ना? चित्रांतून गोष्ट वाचणं ही परदेशी खोड आहे असं कोणी कार्यकारिणीत म्हणालंच, तर त्यांना पिंगुळीची वाट दाखवा.

---

जुना वाचक | ५ जून, रात्री ८.३०

आडवाट, चित्रकथी मी लहानपणी एकदा बघितलीय आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिथे सांगणारा असतो. त्याचा आवाज, त्याची लय, मधेच त्याने श्रोत्यांकडे टाकलेली नजर. चित्रकादंबरी घेऊन मूल एकटं कोपऱ्यात बसतं. ती दोन्ही एक कशी?

---

ओटीवरची | ५ जून, रात्री ९.००

मग आपण सांगणारे होऊ या, जुना वाचक! सुरंगी, तुला यात वाट सापडेल बघ. रविवारी मुलांना गोल बसव. एक पुस्तक, पाच पात्रं, पाच मुलं. ज्याचा फुगा त्याने वाचायचं. एकाने नुसते आवाज करायचे, ढुबुक आणि धप्प. तुझ्या त्या मुलाला आधी आवाज दे. वाक्यं तो आपणहून मागेल.

---

सावित्रीकाठ | ७ जून, दुपारी १.४५

महाडहून लिहितेय. सगळे वाङ्मय आणि कल्पनाशक्तीबद्दल बोलतायत, मला थोरामोठ्यांच्या चरित्रांबद्दल सांगायचंय. शाळेत चरित्र म्हटलं की जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू. मुलं सनावळ्या पाठ करतात, माणूस हाती लागत नाही.

'भीमायन' हे बाबासाहेबांवरचं चित्रपुस्तक २०११ साली आलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलाकारांची. त्यांनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. पानाचे भाग पाडायला त्यांनी गोंडांच्या घरांच्या भिंतींवरची दिग्ना नक्षी वापरली. आणि फुगे! प्रेमाने बोललेल्या शब्दांचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी. अक्षर न वाचता कळतं की हे वाक्य डसणार आहे.

माझ्या शेजारची पाचवीतली मुलगी ते चाळत होती. चाळता चाळता तिने विचारलं, "काकी, पाणी मागितलं तर विंचू का बोलतो?" आम्ही चवदार तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. २० मार्चला दर वर्षी इथे लाखभर पावलं येतात. १९२७ सालचा सत्याग्रह तिच्या पुस्तकात आहे, परीक्षेत त्यावर प्रश्नही येतो. पण हा प्रश्न तिने त्या नांगीमुळे विचारला. त्या संध्याकाळी आम्ही दोघी तळ्याच्या पायऱ्यांवर बसलो आणि मला जे माहीत होतं ते सगळं तिला सांगितलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच मंडणगड तालुक्यातलं, हे ऐकून ती म्हणाली, म्हणजे ते आपल्याकडचेच?

फुल्यांच्या 'गुलामगिरी'वरही २०११ मध्येच इंग्रजीत एक चित्रकादंबरी आली आहे, श्रीविद्या नटराजन आणि अपर्णा निनन यांची. ती नववी-दहावीच्या मुलांना द्यावी. महात्मा फुल्यांनी मराठीत लिहिलेल्या पुस्तकाची चित्रकादंबरी आपल्या मुलांना इंग्रजीत वाचावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सावित्रीकाठ | ७ जून, दुपारी २.१०

दुरुस्ती: चित्रकर्तीचं नाव अपर्णा निनन नाही, अपराजिता निनन. घाईत चुकलं, क्षमस्व.

---

आकडेमोड | ८ जून, रात्री १०.०५

शब्दसंपत्तीबद्दल एक जुना अभ्यास सांगतो. डोनाल्ड हेज आणि मार्गारेट आरेन्स यांनी १९८८ मध्ये इंग्रजीतलं निरनिराळं लिखाण तपासलं आणि दर हजार शब्दांमागे विरळ, म्हणजे रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द किती येतात ते मोजलं. मुलांच्या पुस्तकांत ३०.९. मोठ्यांच्या पुस्तकांत ५२.७. कॉमिक्समध्ये ५३.५. मोजमाप इंग्रजीचं आहे, पण कारण आपल्याकडेही लागू पडावं. चित्र सोबतीला असलं की लेखक अवघड शब्द बिनधास्त वापरतो, कारण अर्थ समोर दिसत असतो. 'नांगर टाकला' हे वाक्य घाटावरच्या मुलाला समजावून सांगावं लागतं. शेजारी चित्र असेल तर नाही.

आणि ही भीतीही जुनीच आहे. १९५४ साली अमेरिकेत फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी संसदीय समितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर नियमावली लादून घेतली. पुढे २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने वर्थमचे मूळ कागद तपासून दाखवलं की त्याने मुलांच्या नोंदींत फेरफार केले होते.

---

हापूसची आई | ९ जून, सकाळी ११.३०

देवगडहून. चर्चा छान चाललीय, आईच्या बाजूने एक सांगते. चित्रं आहेत म्हणून पुस्तक लहान मुलांचं, असं समजू नका. मी समजले होते. दहा वर्षांच्या लेकाला आणलेल्या एका पुस्तकात चौथ्याच पानावर असं काही निघालं की ते मिटून कपाटावर ठेवावं लागलं. आर्ट स्पिगलमनचं 'माउस' घ्या. ज्यूंना उंदीर आणि नाझींना मांजर दाखवलंय म्हणून गोंडस वाटेल, पण ती छळछावणीतून वाचलेल्या बापाची गोष्ट आहे. १९९२ मध्ये त्याला खास पुलित्झर पुरस्कार मिळाला. थोरलीने दहावीनंतर वाचलं आणि दोन दिवस ती गप्प होती. मोलाचं पुस्तक आहे, पण त्याचं वय यावं लागतं. वाचनालयात ठेवण्याआधी प्रत्येक पुस्तक कोणीतरी मोठ्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं असलं पाहिजे.

---

ओलावा | ९ जून, रात्री ९.१५

हर्णैजवळच्या एका वाचनालयाचं काम अकरा वर्षं बघतोय. घ्यायचं की नाही यावर वर पुष्कळ झालंय. घेतलीत तर टिकवायची कशी ते मी सांगतो, कारण आपल्या हवेत हाच खरा प्रश्न आहे.

बहुतेक चित्रकादंबऱ्या गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात. त्या कागदावर लेप असतो. ओल धरली आणि पानं दाबून राहिली की ती एकमेकांना चिकटतात, आणि सोडवायला गेलं की चित्राचा पापुद्रा निघतो. साध्या कागदाचं पुस्तक भिजलं तर सुकून फुगतं, निदान वाचता येतं. आर्ट पेपर भिजल्या भिजल्या, ओला असतानाच पानं सुटी करून मधे कागद घालायला हवेत. एकदा चिकटून सुकला की गेला. आम्ही पहिल्याच पावसाळ्यात चार पुस्तकं अशी गमावली.

तेव्हा पुस्तकं उभी ठेवा, कपाटात दाटी करू नका, बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. आमच्या एका लाकडी कपाटात खालच्या खणात चाळीसचा बल्ब लावतो, पुस्तकांपासून हातभर लांब, आणि वाचनालयात माणूस असतानाच. आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा प्रत्येक पुस्तक उघडून पानं फडफडवायची. हे काम मुलांना दिलंत तर ती मधेच वाचत बसतात. बसू द्या.

पैशाचं म्हणाल तर स्टोरीविव्हर या संकेतस्थळावर मराठीत चित्रगोष्टी फुकट आहेत, छापून घ्यायलाही परवानगी आहे. त्या छोट्या मुलांच्या, चित्रकादंबऱ्या नव्हेत, पण सुरुवातीला चालतील. 'किशोर'चे १९७१ पासूनचे जुने अंकही बालभारतीने संकेतस्थळावर ठेवलेत.

---

जुना वाचक | १० जून, सकाळी ७.२०

सुरंगीताई, कार्यकारिणीने अनुदानातून दिले नाहीत तर दोन पुस्तकांचे पैसे माझ्याकडून घ्या. एक अट आहे. त्याच किमतीची गद्याची पुस्तकंही शेजारच्याच खणात ठेवा, वेगळ्या कपाटात नको. निवड मुलांनी करू दे.

---

सुरंगी | २८ सप्टेंबर, रात्री ८.५०

धागा वर काढतेय. उशीर झाला, गणपतीत घरात वीस माणसं होती.

सभा झाली. अनुदानातून यंदा नाही, असं ठरलं. देणगीतून आलेली पुस्तकं मात्र नोंदवहीत रीतसर घ्यायची आणि बालविभागाचा एक पूर्ण खण त्यांना द्यायचा. भाचीची सात आणि देणगीतली पाच अशी बारा झाली. जुना वाचक काका, तुमची अट पाळलीय, शेजारी शेजारीच ठेवलीत. बारा पुस्तकं आधी मी स्वतः वाचली. दोन मोठ्यांच्या विभागात हलवली. हापूसची आई, आभार.

ओटीवरचीताई, जूनच्या तिसऱ्या रविवारपासून आम्ही गोल करून वाचतो. त्या मुलाला आधी आवाजच दिले. समुद्राचा आवाज त्याने असा काढला की धाकट्या मुली खरोखर मागे सरकल्या. तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, "बाई, ह्या म्हाताऱ्याचा माका देवा." जोडाक्षराला अजून थांबतो. पण आता कोणाकडे बघत नाही, पानाकडेच बघत थांबतो. ते आजोबांचं पुस्तक त्याने चार वेळा घरी नेलं. तिसऱ्या वेळी परत आलं तेव्हा एका पानावर खाऱ्या पाण्याचा डाग होता, होडीवर नेलं होतं म्हणे. गद्याचं एक पुस्तक नेलं आणि निम्म्यात परत केलं. काका, तुमच्या दमाच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे आज.

श्रावणात पावसाने बाहेर खेळता येत नव्हतं, तेव्हा मुलांनी स्वतःची चित्रकादंबरी काढली. बारा पानं, रापणीवर. चौकटताईंची दोन चित्रं मी त्यांना तोंडी सांगितली होती, त्यांनी मधलं सगळं भरून काढलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी फुग्यांत सगळे मालवणीत बोलतात आणि वरच्या चौकोनात पुस्तकी मराठी आहे. सुक्या मासळीचा वास कसा काढायचा यावर अख्खा एक रविवार गेला. शेवटी एका मुलीने नाकाला पदर लावलेली पाहुणी काढली आणि शेजारी मजेत जेवणारी मांजर. नवव्या पानावर शब्द नाहीत. नुसता किनारा, ओढत नेलेल्या जाळ्याची वाळूतली रेघ आणि पावलं. ते पान त्या मुलाने काढलंय. दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांना पिंगुळीला न्यायचं ठरवलंय, आडवाट, तेव्हा तुम्हाला निरोप करेनच.

---

चौकट | २८ सप्टेंबर, रात्री ९.२०

नवव्या पानाचा फोटो टाकाल का? आणि माझ्याकडे सहा पुस्तकं बांधून तयार आहेत, चांगल्या मोठ्या अक्षरांची. पत्ता कळवा, उद्याच कुरियर करते.

---

सुरंगी | २८ सप्टेंबर, रात्री ९.३५

फोटो उद्या उजेडात काढून टाकते. पुस्तकं मात्र आत्ता पाठवू नका ताई. अजून परतीचा पाऊस आहे आणि कुरियरवाला पार्सल ओट्यावर ठेवून जातो. कोजागिरीनंतर पाठवा, आणि पानांच्या मधे कोरे कागद घाला.